शेळीचं काळीज आणि सासूबाईंची गोळी

सासूबाईंना हृदयाचा आजार निघाला त्या वर्षी आम्ही गणपतीला गावी गेलो नाही. एसटीचे धक्के त्यांना सोसणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच आमचा गणपती अंधेरीत, मरोळच्या अंगाला असलेल्या आमच्या चाळीतल्या खोलीत बसला. देव्हारा, गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळी आणि पाहुणे एवढं सगळं त्या खोलीत मावलं, म्हणून आम्ही कपाटाच्या वर झोपत होतो की काय असं कुणालाही वाटावं.

आजार कळला तो पायांवरून. सासूबाईंच्या पायांना सूज यायची, बोट दाबलं तर खळगा राहायचा. नळावरून हंडा आणताना त्या मध्येच थांबायच्या आणि "बघ गो, आकाश कसला काळा झाला" असं म्हणून आकाश बघायच्या. आकाश चांगलं निळं असायचं. त्यांना धाप लागलेली असायची, आणि ते सांगायचं नसायचं. शेवटी आमच्या ह्यांनी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची एक छोटी पांढरी गोळी दिली. एकही चुकवायची नाही आणि एकही जास्त घ्यायची नाही, असं दोनदा सांगितलं. गोळी मी द्यायची. मी ती तळहातावर ठेवायची, त्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गिळायच्या आणि म्हणायच्या, "एवढीशी गोळी काय करतली माझ्या काळजाचा?"

तरी घेत होत्या. पायांची सूजही उतरत होती.

शेजारच्या खोलीत आपल्या मावशीकडे एक मुलगी राहायला आली होती. ती जनावरांची डॉक्टर होती. गोरेगावकडच्या गुरांच्या दवाखान्यात काम करायची आणि पुढच्या पदवीसाठी अभ्यासही करायची. बाईमाणूस, तीही चष्मा लावणारी, आणि दिवसभर म्हशींच्या मागे, याचं सासूबाईंना फार नवल.

"माणसांची डॉक्टर होवक मार्क कमी पडले काय गो तुका?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. मी पदराआड तोंड लपवलं.

"माणसांची झाले असते तर पहिल्या पेशंट तुम्हीच आला असता आजी," ती म्हणाली. "ते मला झेपलं नसतं."

सासूबाईंना असं उलट बोलणारं माणूस आवडायचं. मी कधी बोललेच नाही, म्हणून बहुतेक. त्या दिवसापासून ती मुलगी आमच्याकडची झाली. मला ती वहिनी म्हणायची. मी तिला ताई म्हणायची, वयाने लहान असली तरी.

तिचा अभ्यास कसला ते मी तिच्याकडूनच समजून घेतलं. ती भाकरी खायला आमच्याकडे बसायची तेव्हा मी हळूच विचारायची, आणि ती न कंटाळता सांगायची. माणसाच्या हृदयाचा ठोका कागदावर काढायचं यंत्र असतं. तारा लावल्या की कागदाच्या पट्टीवर डोंगरासारख्या रेघा येतात. रेघा पाहून हृदय बरं आहे की बिघडलंय ते कळतं. पण त्यासाठी बरं हृदय कशा रेघा काढतं ते आधी माहीत हवं. माणसांचं ते सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडच्या शेळ्यांचं कुणी नीट लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून ती चांगल्या धडधाकट शेळ्या शोधून त्यांच्या पट्ट्या काढत होती.

"शेळीला हार्ट अटॅक येतो?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखी विडी ओढली तर येईल," ती म्हणाली. ह्यांनी विडी खाली ठेवली, पण विझवली नाही.

धडधाकट शेळी आमच्याकडेच होती. सासूबाईंनी ती गोवंडीच्या एका ओळखीच्या बाईकडून आणली होती. पांढरी, एका कानावर काळा ठिपका, आणि स्वभावाने चाळीतल्या सगळ्या बायकांहून उर्मट. चाळीच्या मागे टेकडीचा उतार होता, तिथे सासूबाई तिला चारायच्या. त्या आमच्याशी बोलायच्या नाहीत तेवढं तिच्याशी बोलायच्या. सूनबाईंचं म्हणजे माझं काय चुकलं तेही आधी शेळीला कळायचं.

ताईने तिची पट्टी काढायची परवानगी मागितली तेव्हा सासूबाईंनी पुष्कळ भाव खाल्ला. मग स्वतःच शेळीचे पाय साबण लावून धुतले. पट्टी काढून आणल्यावर ताई म्हणाली, "आजी, तुमची शेळी माझ्या सगळ्या शेळ्यांत पहिली. बघा, रेघ कशी सरळ, नीटनेटकी." ही गोष्ट सासूबाईंनी नळावर जवळजवळ आठवडाभर पुरवली.

तर त्या वर्षी गणपती. सासूबाईंना पत्री पुरी लागायची. बाजारात पानांची जुडी मिळते, तिच्यात कुठल्याही झाडाचा पाला असतो, ती त्यांना चालायची नाही. मला बरोबर घेऊन टेकडीच्या उतारावर, गटाराच्या कडेला, कारखान्याच्या कुंपणावर फिरून त्यांनी एकेक पान गोळा केलं. आघाडा, माका, रुई, शमी. कण्हेर तर आमच्या चाळीच्या भिंतीलाच होती. शेळी रोज तिच्या अंगावरून जायची, पण तिने कधी तोंड लावलं नव्हतं.

गावी आमच्याकडे रोजचं उतरवलेलं निर्माल्य टोपलीत साठवतात आणि विसर्जनाला गणपतीबरोबर वहाळात, म्हणजे ओढ्यात, सोडतात. इथेही तशीच टोपली केली. पाचव्या दिवशी आरती झाली, आमच्या ह्यांनी गणपती डोक्यावर घेतला, मुलं ओरडत पुढे, आणि टोपली राहिली मोरीच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना ती दिसली.

"ह्याका म्हणतत झील," त्या लेकाच्या नावाने म्हणाल्या. "देवाक घेवन गेलो आणि देवाचा सामान घराक."

हे कामावर गेले होते, त्यामुळे ऐकायला मीच. आता त्या टोपलीचं करायचं काय? ती कचऱ्याच्या पेटीत टाकायची नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायची नाही. विसर्जनाच्या तळ्यावर जायचं तर सासूबाईंना चालवत नव्हतं आणि मला एकटीला जायची सवय नव्हती. सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, देवाचं जनावराच्या मुखी गेलं तर त्याहून चांगलं काय. गावात गाईला घालतातच की. टोपली घेऊन त्या मागे गेल्या. मी भांडी घासता घासता खिडकीतून बघत होते. दुर्वा, फुलं, पानं सगळं एकत्र, पाच दिवसांचं सुकून मऊ पडलेलं. शेळीने आधी हुंगलं, मग खायला लागली.

दुपारी सासूबाईंनी हाक मारली. त्यांचा आवाज असा मी आधी ऐकला नव्हता. शेळी बसली होती, तोंडातून लाळ गळत होती. उठवली तर मागचे पाय लटपटायचे आणि ती पुन्हा बसायची. ती दात खात होती, तो करकर आवाज मला अजून आठवतो.

नशिबाने ताई त्या दिवशी घरी होती. ती कानात नळी घालून शेळीच्या बरगडीशी बसली आणि ठोके मोजले. मग विचारलं, "हिने काय खाल्लं?"

सासूबाई शेळीचा कान चोळत राहिल्या. मला कळलं की त्यांना सांगायचंय, पण देवाचं नाव मध्ये आणायचं नाहीये. सासूबाई असताना मी कधी पुढे होऊन बोलत नसे. पण शेळीने दात खाल्ले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "गणपतीची पत्री. कण्हेर होती त्यात."

"पण हिरवी कण्हेर ती खात नाय," सासूबाई म्हणाल्या. "तिका कळता."

"हिरवी कडू लागते आजी. सुकल्यावर तो कडवटपणा कमी होतो, म्हणून जनावर खातं. विष तेवढंच राहतं." असं म्हणत ती रिक्षा आणायला पळालीसुद्धा.

रिक्षावाल्याने शेळी बघून मान हलवली. "बाई, ही लेंड्या टाकणार."

"टाकल्या तर बरंच आहे," ताई म्हणाली, "पोट तरी साफ होईल. चला लवकर."

रिक्षात ताई, मी आणि आमच्या मांडीवर आडवी शेळी. सासूबाईंना घरीच राहा म्हटलं, तर त्या पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला जाऊन बसल्या. तो बिचारा अर्धा बाहेर लोंबकळत चालवत होता. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "काय, बकरा काय?" सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सिग्नल सुटायच्या आत निघाला.

गुरांच्या दवाखान्यात ताईचे सर होते. त्यांनी आणि तिने मिळून कोळशाची पूड पाण्यात कालवून नळीने शेळीच्या पोटात घातली. ती पूड विष धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही, असं तिने मला सांगितलं. मग सुई टोचली आणि तारा लावल्या. यंत्रातून पट्टी बाहेर यायला लागली. मला त्यातलं कळत नसलं तरी एवढं दिसलं की डोंगर लांब लांब होते, मध्ये नुसतीच सपाटी, आणि अचानक दोन डोंगर एकमेकांच्या अंगावर.

"तुझ्या अभ्यासाला हे असं उदाहरण शोधून मिळालं नसतं," सर ताईला म्हणाले. तिचे डोळे चमकले आणि मग सासूबाईंकडे पाहून तिने ते लपवले.

संध्याकाळपर्यंत शेळीने मान वर केली. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सरांच्या टेबलावरचा कुणाचा तरी डबा हुंगला, तेव्हा सरांनीच तिला घरी न्यायला सांगितलं. फार थोडी पानं पोटात गेली म्हणून वाचली, असं ते म्हणाले.

इथे सगळं संपलं असतं. पण शेळी घेऊन निघताना ताई आनंदात होती, आणि आनंदात माणूस जास्त बोलतं. ती म्हणाली, "आजी, गंमत सांगू? कण्हेरीत जे असतं ना, तुमची हृदयाची गोळी त्याच्याच भाऊबंदांपैकी. तीही एका झाडाच्या पानातूनच निघते. हृदयाला सावकाश करते."

सासूबाईंनी शेळीचं तोंड पदराने पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळहातावर गोळी धरली. त्यांनी चहा घेतला, गोळी घेतली नाही.

"माका नको ती."

मला वाटलं, आजच्यापुरतं. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आमचे हे ओरडले, "आई, तू मेलीस म्हणजे?" त्या म्हणाल्या, "मगे टोपली विसरा नको म्हणान तुका कोण सांगतला?" ताई येऊन बसली. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं की जात एक असली तरी गोळीत अगदी मोजून घातलेलं असतं, जितकं हवं तितकंच. माझीच जीभ आवरली नाही म्हणाली, डोळ्यांत पाणी आणलं. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला खोबऱ्याची वडी दिली, आणि गोळी नाहीच घेतली.

आठवड्यात पाय पुन्हा सुजले. नळाच्या वाटेवर आकाश बघणं सुरू झालं. मग तर खोलीतल्या खोलीतही त्या थांबायला लागल्या. रात्री आडवं झालं की धाप लागायची, दोन उशा पुरेनात. हे सगळं कसं संपणार हे मला दिसत होतं, आणि सकाळी मी आपली तळहातावर गोळी धरून उभी.

एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मी खाली बघत विचारलं, "आई, का घेत नाही?"

एक खडा बाजूला काढून त्या म्हणाल्या, "शेळयेक मी दिलंय. माझ्या हातान. ती माझ्या हातचा न बघता खाता. तू माका हातार ठेवतंस, मी पण न बघता खातंय."

"मी तुम्हाला वाईट काही देईन का?"

"तुझ्या मनात काय नाय, माहीत आसा. माझ्या पण मनात काय नाय होता."

मी ते तसंच्या तसं ताईला जाऊन सांगितलं. ताईने चष्मा पुसला आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. न बघता का खायचं? दाखवू या त्यांना."

पुढच्या दिवशी शेळीला तपासणीसाठी दाखवायचं होतंच. ताईने सासूबाईंनाही चला म्हटलं. शेळीसाठी म्हटल्यावर त्या नाही म्हणणार नव्हत्या. रिक्षातून उतरून दवाखान्याच्या दारापर्यंत जाताना त्या तीनदा थांबल्या. शेळी पुढे जाऊन मागे वळून बघत उभी राहायची.

शेळीची पट्टी निघाली. मग ताई म्हणाली, "आजी, आता तुमची काढू?"

सर दारात होते. ते म्हणाले, "अगं, हा जनावरांचा दवाखाना आहे."

"ह्याचा माका काय वाईट वाटूचा नाय," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच बाकावर आडव्या झाल्या. शेळीला लावलेलेच चिमटे ताईने धुऊन पुसून त्यांच्या हातापायांना लावले. सासूबाईंनी डोळे मिटले आणि चेहरा असा केला, जणू फोटो काढतायत.

मग ताईने दोन्ही पट्ट्या खिडकीजवळ शेजारी शेजारी धरल्या. वरची आजची शेळीची. डोंगर सारखे, सारख्या अंतरावर. मी चौथीपर्यंत शिकले, पाटीवर रेघा काढताना बाई असंच सांगायच्या, सारखं अंतर ठेवा. खालची सासूबाईंची. ती म्हणजे घाईघाईने पळत सुटलेली मुलं. कुठे तीन चिकटलेली, कुठे एक सुटलेलं, मध्ये नुसतीच थरथर.

सासूबाईंनी वरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही शेळी?"

"हो."

"आणि ही मी?"

"हो आजी. तुमचं हृदय पळतंय. पळून पळून दमलंय, म्हणून रक्त पुढे जात नाही, पाय सुजतात. शेळीचं हृदय चांगलं होतं, त्याला पानांनी नको तेवढं थांबवलं, म्हणून ती पडली. तुमच्या पळणाऱ्याला गोळी जरा दमाने घ्यायला लावते. एकच गोष्ट, पण एकाला नको होती आणि दुसऱ्याला हवी आहे."

सासूबाईंचं लक्ष अर्धवटच होतं. "म्हणजे शेळी माझ्यापेक्षा बरी लिवता," त्या म्हणाल्या.

"सध्या तरी."

"ह्या नळावर कोणाक सांगा नको," असं काहीसं त्या पुटपुटल्या आणि उठून बसल्या.

सर गंभीर झाले होते. ते म्हणाले, "मी ढोरांचा डॉक्टर, माणसांच्या औषधातलं मी बोलणार नाही. पण यांना आजच्या आज यांच्या डॉक्टरांकडे न्या. उद्यावर टाकू नका."

आम्ही शेळीसकट तसेच अंधेरीला डॉक्टरांकडे गेलो. शेळी खाली ताईजवळ, आम्ही दोघी वर. डॉक्टरांनी सासूबाईंना तपासलं, गोळ्या बंद केल्याबद्दल खूप रागावले, लघवी होण्याची आणखी एक गोळी लिहून दिली. मग ती पट्टी उजेडाकडे धरली, उलटसुलट पाहिली.

"रेघा बरोबर आहेत. पण कोपऱ्यात हे काय लिहिलंय? शेळी, मादी, पांढरी?"

ताईने सवयीने लिहिलं होतं. मला हसू आवरेना आणि हसायची लाजही वाटत होती, म्हणून मी खोकले.

"लिवंदे," सासूबाई म्हणाल्या. "गोळी देवा."

डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि बाटलीतून एक गोळी काढून त्यांच्यापुढे धरली. सासूबाईंनी हात पुढे केला नाही. त्या डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"हिच्याकडे देवा," त्या म्हणाल्या. "ती देता माका."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी गोळी माझ्या हातात दिली. मी ती तळहातावर ठेवून पुढे केली. सासूबाईंनी खाली वाकून गोळी नीट बघितली, या बाजूने, त्या बाजूने, बोटाने उलटी करून. मग उचलून तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या.